सोलापूरच्या माळावर वर्षभर

पोरी,

तुझं पत्र पोचलं. मैत्रिणी दर रविवारी हरिश्चंद्रगड, राजमाची करून येतात, धबधब्यांचे फोटो पाठवतात; सोलापुरात मात्र चढायला डोंगर नाही आणि हिंडायला रान नाही, मग निसर्गातले ऋतू टिपायचे कुठे, असं तू विचारलंस. मी सांगेन, इथेच टीप. सह्याद्रीच्या माथ्यावरचं सदाहरित रान बाराही महिने हिरवं असतं. आपला माळ जूनच्या सुरुवातीला उघडा मुरूम असतो, जुलैत त्यावर पोपटी लव येते, सप्टेंबरात गवत गुडघ्याला लागतं, दिवाळीनंतर सगळं सोनेरी होतं आणि होळीपर्यंत राखाडी. नवख्या डोळ्यालाही हा फरक कळतो. म्हणून शिकायला आपल्यासारखी जागा नाही.

आपला पाऊस वर्षाला पाचशे ते सातशे मिलिमीटरच्या घरातला. महाबळेश्वरला त्याच्या आठ-दहा पट पडतो. शिवाय आपला भरवशाचा पाऊस जुलैचा नाही, सप्टेंबरचा. तुझ्या मैत्रिणींचा हंगाम उतरणीला लागतो तेव्हा आपला माळ भरात येतो. आता उत्तरा नक्षत्र चालू आहे, पुढे हस्त. काळ्या रानात ज्वारीची पेरणी सुरू झाली आहे. सुरुवात करायची तर हाच आठवडा धर.

पहिलं काम, एक वाट निवड. चार-पाच किलोमीटरची, घरून पोचायला सोपी, म्हणजे कंटाळा आला तरी जाणं टळणार नाही. त्या वाटेवर थोडा उघडा माळ हवा, एखादा ओढा हवा, बांधावरची जुनी झाडं हवीत आणि ज्वारीचं एखादं रान हवं. तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा तलाव आहे, १८७१ साली पुरा झालेला. त्याच्या काठाने पाणी चढताना आणि उतरताना बघण्यात एक वर्ष सहज जाईल. बार्शी रस्त्याला नान्नजच्या बाजूला गवताळ माळ आहेत. तिथल्या माळढोक अभयारण्याच्या आत वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही, पण बाहेरच्या गायरानांत आणि शेतवाटांवरही पाहण्यासारखं खूप आहे. चढच हवा असेल तर येडशीजवळचं रामलिंग आहे, बालाघाटच्या रांगेत. तिथे अधूनमधून जा. रोजची वाट मात्र जवळची ठेव.

वाटेवर पाच-सहा जागा पक्क्या कर. दर वेळी तिथेच उभं राहायचं आणि तोच फोटो काढायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण जागा नेमकी साधणं अवघड असतं. दोन पावलं डावी-उजवीकडे झाली की फोटो जुळत नाहीत. त्यावर उपाय असा: चौकटीत एक जवळची आणि एक लांबची खूण घे. समजा, जवळच्या बाभळीचं खोड आणि लांबचा विजेचा खांब एका रेषेत येतात. पुढच्या वेळी ते दोन्ही तसेच एका रेषेत आले की तू बरोबर जागी उभी आहेस. पायाखाली एखादा न हलणारा खडक असेल तर फारच चांगलं. मागच्या वेळचा फोटो मोबाईलवर उघडून समोरच्या दृश्याशी ताडून बघायची सवय लाव.

झूम करायचा नाही. कॅमेऱ्याची लेन्स बदलती असली तर एकच आकडा ठरवून टाक, पस्तीस किंवा पन्नास मिलिमीटर, आणि वर्षभर तोच ठेव. मोबाईल असेल तर मुख्य कॅमेराच वापर. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नकोस, उन्हाच्या खुणेवर ठेव. ऑटोवर कॅमेरा दर वेळी स्वतःच्या मनाने रंग बदलतो, आणि मग गवत खरंच पिवळं पडलं की कॅमेऱ्याने पिवळं केलं, हे तुलाच सांगता येणार नाही. वेळही तीच ठेव, उजाडल्यानंतरचा पहिला तास. हे फोटो सुटे पाहशील तर कुणाला दाखवावेसे वाटणार नाहीत. वाटू नयेतच. त्यांची किंमत शेजारी-शेजारी लावल्यावर कळते. देखण्या फोटोंची हौस ही पाच-सहा कामं झाल्यावर भागव, परतीच्या वाटेवर.

गवताबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माळावर आलेली माणसं गवत सोडून सगळं बघतात. मारवेल, पवन्या, कुसळी ही नावं आधी शिकून घे. पुस्तकापेक्षा मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराला विचार. कुठलं गवत जनावर आवडीने खातं आणि कुठलं तोंडात टोचतं म्हणून सोडतं, हे तो लगेच सांगेल. आश्विनात कुसळी पिकली की तिची कुसळं तुझ्या मोज्यांत, सलवारीच्या काठात घुसतील. वैतागू नकोस, एक काढून तळहातावर घे आणि त्यावर पाण्याचा थेंब टाक. ते पीळ सोडत गोल फिरायला लागेल. वाळलं की पुन्हा पीळ भरतो, ओलं झालं की सुटतो. या फिरण्यातूनच टोकाचं बी मातीत रुततं. हा प्रकार मोबाईलवर व्हिडिओत घे, फोटोत तो मावणार नाही.

गवताचा चांगला फोटो हवा असेल तर सूर्य समोर घे. मागे बाभळीची सावली किंवा काळं रान येईल अशी जागा शोध, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आण आणि कॅमेऱ्यातला प्रकाश (एक्स्पोजर) किंचित कमी कर. तुरे पेटल्यासारखे दिसतील. कार्तिक-मार्गशीर्षात सकाळी दव असतं, तेव्हा तर बघायलाच नको.

ऑक्टोबरपासून आकाशाकडेही लक्ष दे. मध्य आशियाकडून भोवत्या येतात, गवताच्या शेंड्यांवरून अगदी खालून, पंख वर धरून तरंगत जाणारे शिकारी पक्षी. नाकतोडे हे त्यांचं मोठं खाद्य, म्हणून गवत चांगलं वाढलं की तेही दिसतात. रात्री ते जमिनीवर, गवतातच, जथ्याने मुक्काम करतात. त्यांची अशी जागा सापडली तर संध्याकाळी तिकडे फिरकू नकोस. ज्वारी दाण्यात आली की भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, उतरतात, हजारोंनी. शेतकरी माचाणावर उभा राहून गोफण फिरवतो, थवा उठतो, वळतो, पुन्हा बसतो. आपल्याला तो देखावा आहे, त्याचं मात्र पीक चाललेलं असतं. फोटो काढण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोल. हुरड्याचे दिवस असले तर तो तुला उपाशी परत पाठवणार नाही. याच भोरड्या फाल्गुनात पळसावर दिसतील, फुलातला रस प्यायला आलेल्या, आणि एप्रिलपर्यंत परत निघून जातील. उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी हिवाळ्यात एकदा जाऊन पाहा, ते आता सगळ्यांनाच माहीत झालं आहे.

काळ्या रानातल्या त्या ज्वारीकडेही माझ्यासाठी नीट बघ. थंडीच्या दिवसांत पाऊस नसताना ती उभी असते, कारण आपली खोल काळी माती सप्टेंबरचं पाणी धरून ठेवते. त्याच वेळी शंभर पावलांवरचा मुरमाड माळ कोरडा पडून पिवळा झालेला असतो. एकाच चौकटीत हिरवं रान आणि सोनेरी माळ आला, की या जिल्ह्याच्या जमिनीचं सगळं गणित त्या फोटोत येतं. तुझ्या पाच-सहा जागांपैकी एक तरी अशी निवड.

आता उन्हाळा. लोक या दिवसांत कॅमेरा कपाटात ठेवतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. माघ-फाल्गुनात पळस एकही पान नसताना फुलतो. पाडव्याच्या सुमारास कडुनिंबाला मोहोर येतो, एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा होतो. पारा बेचाळीसच्या वर असताना माळावर नर सरडा दगडावर चढून गळ्याखालची रंगीत झालर उघडतो आणि मिटतो. टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालते. काळविटाच्या नराचा पावसाळ्यानंतर गडद असलेला रंग तोवर तपकिरी पडलेला असतो. हे सगळं सकाळी साडेआठच्या आत पाहून घे. त्यानंतर जमिनीवरची हवा थरथरायला लागते आणि लांबचे फोटो विरघळल्यासारखे येतात. कितीही महाग लेन्स आणली तरी त्यावर इलाज नाही. मग रोहिणी सरतात, मृग लागतं, आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर मखमली लाल मृगाचे किडे मातीतून वर येतात. ते थोडेच दिवस दिसतात. पोटावर झोपून, कॅमेरा जमिनीला टेकवून त्यांचे फोटो काढ.

वही कॅमेऱ्याइतकीच जरुरीची आहे. तारीख, वेळ, वारा, ढग आणि शेजारी नक्षत्र लिही, म्हणजे शेतकऱ्याशी बोलताना त्याच्या आणि तुझ्या नोंदी जुळतील. झाडाबद्दल "छान फुललंय" असं लिहू नकोस. कळ्या आहेत का, फुलं थोडी की भरपूर, फळ कच्चं की पिकलेलं, नवी पालवी किती, हे लिही. सीझनवॉच नावाचा देशव्यापी उपक्रम आहे, त्यात एकाच झाडाची दर आठवड्याला अशीच नोंद करतात. दारातल्या कडुनिंबापासून सुरुवात कर. काहीच बदललं नसेल तर तेही लिहायचं. फूल १० तारखेला दिसलं एवढ्याने भागत नाही, ३ तारखेला नव्हतं हे माहीत असेल तरच ते कधी उमललं हे सांगता येतं.

एका वर्षावरून निष्कर्ष काढू नकोस. ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्याकडे इतका पाऊस झाला की भीमेला पूर येऊन पंढरपुरात पाणी शिरलं. दुसरीकडे १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून गावोगाव आहेत. त्यांच्याकडून ऐकायला मिळतं, पण त्या वर्षी अमुक बांधावरून माळ कसा दिसत होता, याचा फोटो कुणाकडे नाही. तुझ्या बांधाचा तो असेल. आणि त्याची गरज पडणार आहे. माळ म्हणजे पडीक जमीन, असं समजून तिथे भराभर झाडं लावली जातात, नांगर फिरतो, प्लॉट पडतात. लांडगा, खोकड, चंडोल, धाविक यांना उघडं गवतच लागतं, झाडी नको असते. माळढोकासाठी १९७९ साली इथे अभयारण्य झालं, आणि आज माळढोक इथे जवळपास दिसेनासा झाला आहे. ही जागा रिकामी नाही हे दाखवायला तुझ्या बारा महिन्यांच्या चौकटींसारखं दुसरं काही नाही.

म्हणूनच एका बाबतीत मी कडक आहे. घरट्याचे, अंड्यांचे, लांडग्याच्या पिल्लांच्या गुहेचे फोटो काढायचे नाहीत आणि त्यांचा ठावठिकाणा कुणाला सांगायचा नाही. टिटवी डोक्यावर ओरडत फिरू लागली तर आल्या पावली मागे फिर. तिची अंडी उन्हात राहिली तर थोड्या वेळात वाया जातात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकलेस तर संकटग्रस्त प्राण्यांची नेमकी जागा तिथे आपोआप झाकली जाते, पण व्हॉट्सअॅपवर तसं होत नाही.

एकटी जाऊ नकोस, निदान सुरुवातीला. घोट्याच्या वर येणारे बूट घाल. माळावर दगडाखाली फुरसं असतं, म्हणून दगड उलथायचे नाहीत आणि बघितल्याशिवाय बसायचंही नाही. उन्हाळ्यात माणशी तीन लिटर पाणी. कुणाच्या बांधावरून जायचं असेल तर आधी विचारून जा.

फोटो घरी आल्यावर त्याच दिवशी जागेच्या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये टाक, नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे ते आपोआप ओळीने लागतील. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला तू सोलापुरात असशीलच, तेव्हा उत्तरा नक्षत्रापासून तोवरचे सगळे फोटो घेऊन घरी ये. वहीही आण, मी आधी वही बघेन.

तुझा,
काका