‘मुलं किती?’ याला काय उत्तर देऊ?

प्रश्न : माझी धाकटी मुलगी दोन वर्षांपूर्वी श्रावणात डेंग्यूने गेली. नऊ वर्षांची होती. परवा हळदीकुंकवाला एकीने विचारलं, ‘तुम्हाला मुलं किती?’ तोंडून ‘एक मुलगा’ निघून गेलं. रात्रभर डोळा लागला नाही. खरं सांगावं तर समोरच्या गप्प होतात. सासूबाई म्हणतात, सणासुदीला कशाला तो विषय! काय सांगत जाऊ?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, मीही तीन वर्षं ‘एकच मुलगी’ असंच सांगत होते. माझा मुलगा चौदाव्या वर्षी विहिरीत बुडून गेला. मी शिक्षिका, त्यामुळे फेब्रुवारी २०११ मध्ये जनगणनेचं काम आलं. त्या फॉर्मात बायकांना मुलांबद्दल दोन प्रश्न होते : आज हयात किती, आणि आजवर जिवंत जन्मलेली किती. एका घरी बाई भाकरी थापत होत्या. ‘हायती चार, झाली पाच.’ हात परातीतच थांबला. ‘मधला गेला. आसता तर तुमच्याच वर्गात आसता, बाई.’ आणि भाकरी तव्यावर टाकली. मी आकडे भरले. त्यांच्या पोराला सरकारी कागदावर जागा होती, माझ्या पोराला माझ्याच तोंडी नव्हती.

तेव्हापासून सांगते, ‘दोन. मुलगा गेला, मुलगी नोकरीला आहे.’ आणि पुढचं वाक्यही लगेच मीच बोलते, ‘त्याला शिळ्या भाकरीचा कुस्करा फार आवडायचा.’ माणसं गप्प होतात ती बहुतेकदा काय बोलावं ते सुचत नाही म्हणून. एवढं सांगितलं की विचारतात, अजून काय आवडायचं?

एसटीत शेजारी बसलेल्या बाईला ‘एक’ म्हणालात तरी लेकीशी प्रतारणा होत नाही. कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवायचं. ‘देवाला आवडली’ म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नका, तेवढी ताकद आपल्यात नसते.

सासूबाईंची नात गेली आहे, ताई. एका दुपारी दोघीच असताना तिच्या वह्या काढून बसा. आणि तुमच्या यजमानांना कुणी विचारतं का? आमच्या ह्यांना सगळे ‘वहिनी कशा आहेत?’ एवढंच विचारायचे.

रात्र फारच जड गेली तर १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात लेकीचं नाव कुठेच नाही. पुढच्या पत्रात लिहा, तिला काय काय आवडायचं तेही लिहा. छापणार नाही.