पोलंडला यायचं का, असं विचारलंत म्हणून

बदली व्रोत्स्वाफला होतेय, शेजारी युद्ध चालू आहे, बायको-मुलीला आणावं का आणि तिथले लोक आपल्याकडे कसं बघतात, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा-पगाराचं तुमची कंपनी सांगेल. व्रोत्स्वाफ पार पश्चिमेला आहे, युक्रेनची हद्द लांब. सप्टेंबर २०२५ मध्ये रशियन ड्रोन पोलंडात घुसले, तेव्हा ऑफिसात दिवसभर तोच विषय होता, पण ट्राम चालूच होत्या.

त्रास वेगळाच आहे. दिल्लीने काय केलं याचा जाब इथे आपल्याला विचारतात. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाविरोधी ठरावाच्या बाजूने १४१ देश, विरोधात ५, तटस्थ ३५. आपण तटस्थांत. माझा मुलगा तेव्हा दुसरीत. वर्गात जगाचा नकाशा लावून ठरावाच्या बाजूचे देश मुलांकडून युक्रेनच्या झेंड्यासारखे निळे-पिवळे रंगवून घेतले. भारत कोराच. बाईंनी सगळ्यांदेखत त्यालाच विचारलं, तुमचा देश असा का? घरी येऊन पोराने स्वतःच्या ॲटलासमधला भारत निळा-पिवळा करून टाकला. शाळेत जाऊन बोलले, तर म्हणे ‘चर्चा घडवायची होती’. अजून डोक्यात जातं.

तेव्हाच युक्रेनियन लोकांसाठी वेगळा कायदा झाला. त्यांना कामाचं परमिट लागेना. आमच्या इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डाची फाईल मात्र जागची हलेना. रांगेत आपलीच माणसं कुरकुरायची. घर जळून आलेल्यांचा हेवा वाटतो, काय सांगू.

आमच्या मजल्यावरच्या आजींचं घराणं ल्विव्हचं, आता ते युक्रेनमध्ये आहे. १९४५ ला हद्द सरकली आणि तिकडचे कितीतरी पोलिश इथे आले, त्यात हेही. मी कोल्हापूरची म्हटल्यावर त्यांनीच कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं नाव काढलं. महायुद्धात तिथल्या छावणीत पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित होते. ‘तेव्हा जागा दिलीत, मग आता गप्प का?’ मी तेल, शस्त्रं, चीन असं काहीबाही सांगते. आणि गावी भाऊ पुतिनचं कौतुक करायला लागला की त्याच्याशी आजींच्या बाजूने भांडते.

एकटेपणा येतो, जातो. त्याचं एवढं काही नाही.

मुलगी कितवीत ते लिहिलं नाहीत. पोलिश शाळेतच घाला, भाषा लवकर येते. फक्त निघण्याआधी तिला सांगून ठेवा, देशाबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचं, ‘माझ्या बाबांना विचारा.’