गोल्फमध्ये पाय किती फाकवून उभं राहावं? आयर्नचा फटका कधी फॅट, कधी थिन का बसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ड्रायव्हर (सर्वांत लांब क्लब) बरा लागतो, पण सेव्हन आयर्न (मधल्या लांबीचा क्लब) कधी बॉलच्या मागे जमिनीत रुततं (फॅट), तर कधी बॉलच्या डोक्यावरून घसटून जातं (थिन). कोच म्हणतात पाय फाकवून भक्कम उभे राहा, सोबतचे म्हणतात पाय जवळ घ्या. ऐकायचं कोणाचं?

तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मी सोबत्यांच्या बाजूने आहे. पण कारण समजून घ्या, नाहीतर पुढच्या रविवारी तिसराच कोणीतरी चौथं काहीतरी सांगेल. (तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरलंय. डावखुरे असाल तर सगळं उलट वाचा.)

आयर्नमध्ये खरा प्रश्न एकच असतो: क्लबचं डोकं सर्वांत खाली कुठे येतं? ते बॉलच्या थोडं पुढे, टार्गेटच्या बाजूला यायला हवं. आधी बॉल, मग गवत. नियमाप्रमाणे बॉलचा व्यास किमान 42.67 मिलिमीटर असतो, म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या बॉलचा मध्य जेमतेम 2 सेंटिमीटरच्या वर. चुकायला जागा किती कमी आहे बघा.

पाय फार फाकवले की कंबर वळायला अडते आणि उजवीकडे गेलेलं वजन डाव्या पायावर आणायला जास्त अंतर पडतं. डाउनस्विंग (क्लब वरून खाली आणणं) मात्र डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो. हौशी माणसाचं वजन मग वाटेतच राहतं. वजन मागे राहिलं की स्विंगचा खालचा बिंदूही मागे राहतो आणि क्लब मातीत जातो. दोन-चारदा मनगटाला हिसका बसला की शरीर स्वतःच हुशारी करतं, ऐन वेळी हात आखडून घेतं, आणि क्लबची धार बॉलच्या पोटावर किंवा डोक्यावर बसते. त्यामुळे फॅट आणि थिन हे तुम्हाला दोन वेगळे दोष वाटत असले, तरी मूळ बहुतेक एकच आहे. एकावर उपाय करायला गेलात की दुसरा वाढतो तो म्हणूनच.

मग ड्रायव्हर कसा बरा लागतो? कारण तिथे बॉल टीवर (जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर) असतो, डाव्या टाचेच्या रेषेत, आणि क्लब खालचा बिंदू ओलांडून वर येताना बॉलला लागला तर हवंच असतं. क्लब साधारण 45 इंच लांब, वेग जास्त, तेव्हा पायाखाली रुंद बैठक लागते. जो स्टान्स (उभं राहण्याची ढब) ड्रायव्हरला शोभतो तोच सेव्हन आयर्नला नेऊन तुम्ही उभे राहत असणार. सरावाच्या रेंजवर बॉलची बादली ड्रायव्हरने सुरू करणाऱ्यांचं हे हमखास होतं.

आता माप. ‘खांद्याएवढं’ हा शब्द सगळेच वापरतात, पण मोजतं कोणी नीट नाही. खांदा म्हणजे टी-शर्टची शिवण नाही, खांद्याचा सांधा. आणि पायात मोजायचं टाचांच्या आतल्या कडांमधलं अंतर. बुटांच्या बाहेरच्या कडा धरल्या तर सहज 15 सेंटिमीटरचा फरक पडतो. चवडे बाहेर वळवलेले असतील तर वरून बघताना स्टान्स आहे त्याहून रुंद वाटतो, म्हणून टाचांकडेच बघा. या मापाने ड्रायव्हरला खांद्याएवढं किंवा किंचित जास्त, मधल्या आयर्नला त्याहून थोडं कमी, वेजला (जवळच्या फटक्यांच्या आखूड क्लबला) आणखी कमी, आणि ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) कडेच्या छोट्या चिप फटक्याला पाय जवळजवळ एकत्र. पन्नाशीपुढचे असाल, कंबर-गुडघे कुरकुरत असतील, तर अजून थोडे जवळ घ्या आणि डावा चवडा जरा बाहेर वळवा, कंबर मोकळी होते.

सगळ्यात जास्त घोळ मात्र पुढच्या गोष्टीत होतो. स्टान्स रुंद करताना लोक दोन्ही पाय सरकवतात. डावा पाय टार्गेटकडे गेला की, बॉल हललेला नसतानाही, डाव्या टाचेपासून मोजला तर तो मागे पडतो. तो टाचेच्या हिशोबाने पुन्हा ‘जागेवर’ आणायला गेलात की छातीच्या मानाने फार पुढे जातो. दिग्गज अमेरिकन गोल्फर जॅक निकलॉसची पद्धत सोपी होती: बॉल नेहमी डाव्या टाचेच्या आसपास एकाच जागी, आणि क्लब बदलला की हलवायचा तो उजवा पाय. सगळे कोच सगळ्या क्लबांना हे सांगत नाहीत, आयर्नला बॉल थोडा मध्याकडे घ्यायला सांगणारेही आहेत. पण रुंदी उजव्या पायाने बदलायची ही सवय दोन्हीकडे चालते.

माझ्या किंवा कोचच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा. रेंजच्या कृत्रिम गवताच्या मॅटवर नाही. मॅटवर क्लब मागे आपटला तरी घसरत बॉलपर्यंत पोचतो आणि फटका चांगला वाटतो. रेंजच्या कडेला जिथे माती-गवत आहे तिथे परवानगी काढून चिमटीने रांगोळीची आडवी रेघ ओढा. रेघ म्हणजे बॉल समजून उभे राहा आणि बॉल न ठेवता स्विंग करा. रांगोळी कुठे उडाली, माती कुठून खरवडली गेली ते वाकून बघा. खूण रेघेवर किंवा तिच्या पुढे सुरू व्हायला हवी. आत्ताच्या रुंदीने चार-पाच स्विंग, मग उजवा पाय एका बुटाच्या रुंदीएवढा आत घेऊन तितकेच, मग आणखी थोडा आत. प्रत्येक वेळी शेवटी डाव्या पायावर, उजव्या बुटाचं टोक टेकवून, तीन आकडे मोजेपर्यंत उभं राहता येतंय का पाहा.

पाय फार जवळ आले की हेच शेवटचं जमेनासं होतं. फटका स्वच्छ लागतो, पण जोर लावला की तोल जातो आणि अंतर घटतं. तिथे थांबा, किंचित मागे या. वारा असेल किंवा बॉल उतारावर असेल तर थोडी जास्त रुंदी घेऊन स्विंग छोटा ठेवणं परवडतं.

कोणी तुम्हाला कॅनडाच्या गोल्फर मो नॉर्मनचं उदाहरण देईल. पाय भलतेच फाकलेले, आणि तरी बॉल सरळ मारण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे झाले. खरं आहे. पण तो हात ताणून, क्लब बॉलच्या बराच मागे टेकवून उभा राहायचा, त्याची सगळी मांडणीच निराळी होती. त्यातले फक्त पाय उचलून चालणार नाही.

आणि तिन्ही रुंदींत खूण रेघेच्या मागेच येत असेल तर पायांचा नाद सोडा. समोरून काढलेला व्हिडिओ कोचना दाखवा आणि एवढंच विचारा: बॉल लागतो त्या क्षणी माझ्या पँटचं बक्कल कोणत्या पायावर आहे?