फुफ्फुसाच्या कर्करोगात संप्रेरकरोधक औषधे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या आईचे वय ६२ आहे. तिने कधी तंबाखूला हात लावला नाही, तरीही तिला फुफ्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा झाला असून तो यकृतापर्यंत पसरला आहे. कार्बोप्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड ही केमोथेरपी सुरू होणार आहे. स्त्रियांमध्ये या कर्करोगाला इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) खतपाणी घालते, म्हणून केमोसोबत संप्रेरकरोधक औषध द्यावे, असे वाचनात आले. माझी मावशी स्तनाच्या कर्करोगासाठी लेट्रोझोल ही शरीरात इस्ट्रोजेन तयार होणे रोखणारी गोळी घेते आणि तिला ते चांगले मानवले आहे. आईलाही ते सुरू करावे का?

उत्तर : आजच्या घडीला नाही. मावशीच्या गोळ्यांतली एखादी गोळी आईला देऊन पाहण्याचा विचार तर मुळीच करू नका.

आपण वाचलेली कल्पना मात्र निराधार नाही. फुफ्फुसाच्या अनेक गाठींमध्ये इस्ट्रोजेनचे ग्राही (पेशीवरील ज्या प्रथिनांना इस्ट्रोजेन चिकटते ती), विशेषतः बीटा प्रकारचे, आढळतात. आणि इस्ट्रोजेन तयार करणारे अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) गाठीतच असल्यामुळे रजोनिवृत्तीनंतरही तिथल्या तिथे इस्ट्रोजेन तयार होऊ शकते. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासात १६,६०८ स्त्रियांपैकी काहींना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिनची एकत्रित गोळी आणि बाकीच्यांना औषध नसलेली गोळी दिली होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार पहिल्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने ७३ मृत्यू झाले, तर दुसऱ्या गटात ४०. कर्करोग होण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले नव्हते, पण झालेला रोग अधिक घातक ठरत होता. संप्रेरक वाढवल्याने रोग बळावत असेल, तर ते रोखल्याने तो आटोक्यात येईल, अशी आशा संशोधकांना वाटणे स्वाभाविक होते.

ती आशा रुग्णांवरील चाचण्यांत अद्याप खरी ठरलेली नाही. फ्रान्समधील 'लेडी' या चाचणीत रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना गेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब या फुफ्फुसाच्या कर्करोगावरील गोळ्यांसोबत फुलवेस्ट्रंट या इस्ट्रोजेनचे ग्राही रोखणाऱ्या औषधाची इंजेक्शने देण्यात आली. औषध रुग्णांना सोसले, परंतु रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा काळ त्यामुळे लांबला नाही. एक्झेमेस्टेन हे अरोमाटेजरोधक औषध आपल्या आईच्या केमोथेरपीतल्या याच दोन औषधांसोबत देऊन पाहण्याचा प्रयत्नही झाला आहे. पण ती पहिल्या टप्प्याची लहान चाचणी होती, आणि अशा चाचणीत मुख्यतः मात्रा कितपत सुरक्षित आहे एवढेच तपासले जाते. आयुष्य वाढते का, हे तिच्यावरून ठरवता येत नाही.

'नुकसान तर होणार नाही ना, मग देऊन पाहू' हा विचार मला धोक्याचा वाटतो. लेट्रोझोलने सांधे दुखतात, हाडे विरळ होतात, आणि केमोथेरपीने आधीच थकलेल्या बाईला हे दुखणे जड जाते. स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेन हे दुसरे संप्रेरकरोधक औषध केमोथेरपीबरोबरच दिल्यास रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. शिवाय केमो संपल्यानंतर ते सुरू केलेले अधिक उपयोगी पडते, असाच कल दिसला आहे. दोन उपयुक्त औषधे एकत्र दिली की फायद्याची बेरीज होते, असे गृहीत धरता येत नाही.

बायोप्सीच्या अहवालात 'ईआर पॉझिटिव्ह' (इस्ट्रोजेनचे ग्राही आढळले) असा शेरा असला, तरी त्यावरून उपचार ठरवू नका. ही नेहमीची तपासणी स्तनाच्या कर्करोगासाठी घडवलेली असून ती अल्फा ग्राही शोधते. बीटा ग्राही शोधण्याच्या अनेक चाचण्या विश्वासार्ह ठरलेल्या नाहीत. फुफ्फुसातील गाठीत ईआर ठळकपणे दिसले, तर ती गाठ मुळात स्तनातून आलेली नाही ना, हे पॅथॉलॉजिस्टला टीटीएफ-१ आणि गाटा-३ यांसारख्या, गाठीचे मूळ ओळखणाऱ्या तपासण्यांनी पडताळायला सांगावे. निदानच बदलले, तर लेट्रोझोलचा विचार अगदी वेगळ्या पायावर होईल.

आता खरोखर महत्त्वाचे : ईजीएफआर, एएलके आणि आरओएस-१ या जनुकीय तपासण्या व पीडी-एल१ (गाठीवरील एका प्रथिनाची तपासणी) यांचे अहवाल आले आहेत का? धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांच्या ॲडेनोकार्सिनोमात असे जनुकीय बदल तुलनेने अधिक आढळतात, आणि बदल सापडला तर केमोथेरपीऐवजी किंवा तिच्या जोडीला नेमक्या त्या बदलावरची गोळी देता येते. आईची प्रकृती थोडे थांबण्याजोगी असेल, तर अहवाल येईपर्यंत थांबता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पेमेट्रेक्सेड ठरलेच, तर त्याआधी सुमारे आठवडाभरापासून फॉलिक ॲसिडची गोळी आणि बी-१२ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन सुरू करावे लागते. संप्रेरकांच्या चर्चेत ही साधी तयारी चुकू देऊ नका. संप्रेरकरोधक औषध घ्यायचेच असेल, तर ते रीतसर नोंदणी झालेल्या चाचणीतच घ्यावे.

प्रश्न : मी स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोल घेत आहे आणि आता फुफ्फुसात वेगळा कर्करोग निघाला आहे. लेट्रोझोल बंद करू का?

उत्तर : स्वतःहून बंद करू नका. ते आपण स्तनाच्या रोगासाठी घेत आहात आणि ते कारण अजून संपलेले नाही. केमोथेरपीच्या काळात ते चालू ठेवायचे की काही काळ थांबवायचे, हे दोन्ही रोगांची कागदपत्रे एकाच डॉक्टरांसमोर ठेवून ठरवून घ्या.