वर्गात गप्प, घरात दंगा

प्रश्न: ताई, आम्ही परदेशात येऊन आठ महिने झाले. धाकटी पाच वर्षांची, ती महिनाभरात रुळलीसुद्धा. पण नऊ वर्षांचा मुलगा वर्गात तोंड उघडत नाही, मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभा असतो असं टीचर सांगतात. घरी मात्र नुसता दंगा. दुकानात मला बोलायला जमत नाही तर तोच पुढे होऊन विचारतो. परवा शाळेच्या गेटपाशी मी मराठीत हाक मारली तर म्हणाला, "आई, इथे तसं बोलू नको ना." ओळखीचे म्हणतात, घरीही इकडचीच भाषा बोला, पटकन ॲडजस्ट होईल. काय करू?

उत्तर: घरची भाषा अजिबात बंद करू नका, हे आधी. दिवसभर गप्प बसलेलं पोर घरी येऊन दंगा करतं कारण तेवढीच एक जागा आहे जिथे त्याला शब्द शोधावे लागत नाहीत, तीही काढून घेतली तर त्याने जायचं कुठे?

आता तुम्हीच लिहिलंय बघा, दुकानात तो बोलतो. म्हणजे कामापुरती भाषा आलीये, अडलंय ते सोबत्यांपाशी. धाकटीशी तुलना नको. पाच वर्षांची मुलं एकामागे एक धावली की झाली मैत्री, नऊ वर्षांच्यांची मैत्री मात्र जोक्स, चिडवाचिडवी, कालच्या मॅचच्या गप्पा यावर चालते आणि त्यांचे ग्रुप आधीच ठरलेले असतात, त्यात मोडकी भाषा घेऊन घुसायचं म्हणजे हसं होण्याची भीती. जिम कमिन्स या भाषेच्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक मांडला होता; पहिली साधारण २ वर्षांत येते, दुसरी यायला ५ ते ७ वर्षं लागतात. तुमचे तर आठच महिने झालेत हो.

गेटपाशी त्याला तुमची लाज वाटली असं लगेच धरू नका. कुणी हसलं होतं का, नाव वेडंवाकडं घेऊन चिडवतात का, हे टीचरना स्पष्ट विचारा, कारण वर्गच जागा देत नसेल तर एकट्या पोराने किती ॲडजस्ट व्हायचं! (ओळखीचे लोक हे कधी बोलत नाहीत.) आपलंही धरून नव्यातही मिसळणारी मुलं सहसा जास्त सुखात असतात, असं स्थलांतरितांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांचं काम सांगतं.

ढीगभर मित्र नकोत, एक पुरे. टीचरना सांगून एका शांत मुलाशेजारी कायमची जागा मागा. मग त्यालाच घरी बोलवा, तासभरच, ठोकळे नाहीतर बॉल द्या, म्हणजे फार बोलावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच मुलगा.

भाषा नीट येऊनही वर्षभराने शाळेत असाच गप्प राहिला, किंवा झोप, जेवण बिघडलं, तर मात्र काउन्सेलरना दाखवा, तिथे वाट बघू नका.

आणि दुकानात यापुढे तुम्हीच विचारा. सारखा आईचा दुभाषा होणं नऊ वर्षांच्या मुलाला जड जातं. चुकलात तर चुकलात, दुकानदार काय खाणार आहे का, आणि आई चुकते नि तरी सामान घेऊन बाहेर येते हे त्याला शेजारी उभं राहून बघू द्या.