गच्चीचा कठडा वगळा, मेसचे कार्ड ठेवा

प्रश्न : आम्ही पाच जण नाशिकमध्ये माध्यमविषयक पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. सत्राचा प्रकल्प म्हणून मानसिक आरोग्यावर एक म्युझिक व्हिडिओ करायचा आहे. गाणे आमच्यातल्याच एका मैत्रिणीने लिहिले असून चालही बांधून झाली आहे. कथा अशी आहे : गावाकडचा एक मुलगा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत राहतो, दोनदा अपयश येते, तो खचत जातो, शेवटी गच्चीच्या कठड्यावर उभा राहतो आणि मित्र मागून येऊन त्याचा हात धरतो. सुरुवातीला काळ्या पडद्यावर विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची आकडेवारी आणि शेवटी हेल्पलाइनचा क्रमांक देणार आहोत. हातात दहा आठवडे आहेत. संशोधन नेमके कशाचे करावे आणि आखणी कुठून सुरू करावी?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : सर्वांत आधी तो कठडा कथेतून काढावा, असे मी सुचवेन. तुमच्या पत्रावरून दिसते की सगळा व्हिडिओ त्या दृश्याकडे चढत जातो आणि तिथे पोहोचला की संपतो, म्हणजे प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर शेवटी राहते ती उंची. चित्रपट, नाटक आणि मालिका करणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. आत्महत्येची कृती, साधन किंवा जागा दाखवू नये आणि संकटातून सावरणारी, मदत मागणारी पात्रे दाखवावीत, हा तिचा गाभा आहे. या सल्ल्यामागे बराच जुना अभ्यास आहे. आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर अशा मृत्यूंची संख्या वाढते, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते. याची दुसरी, आशादायक बाजू व्हिएन्नातील संशोधकांनी २०१० मध्ये मांडली. संकटातून बाहेर पडलेल्या माणसाची हकीकत सांगणाऱ्या मजकुराचा परिणाम उलट, संरक्षक असू शकतो, असे त्यांना आढळले. मोत्झार्टच्या ऑपेरातील पापागेनो हा पारधी निराश होऊन जीव द्यायला निघतो आणि तीन मुले त्याला वेळीच दुसरा मार्ग सुचवतात, म्हणून या परिणामाला त्याचेच नाव मिळाले.

गाण्याच्या बाबतीत तर थेट उदाहरण उपलब्ध आहे. अमेरिकेतील लॉजिक या रॅपरने २०१७ मध्ये आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनचा दूरध्वनी क्रमांकच शीर्षक म्हणून दिलेले एक गाणे प्रसिद्ध केले. गाण्याचे प्रकाशन, त्याच वर्षीच्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यातील सादरीकरण आणि २०१८ च्या ग्रॅमी सोहळ्यातील सादरीकरण या तीन प्रसंगांनंतर त्याची सर्वाधिक चर्चा झाली. त्या चर्चेच्या ३४ दिवसांत हेल्पलाइनवर अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले आणि आत्महत्येने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी राहिले, असा अभ्यास २०२१ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. हे सगळे त्या एका गाण्यामुळेच घडले, असे अशा अभ्यासातून छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि तुमच्या व्हिडिओला तसला प्रेक्षकवर्ग मिळणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. मला त्यात महत्त्वाची वाटते ती रचना. पहिला भाग फोन करणाऱ्याच्या तोंडी आहे, दुसरा फोन घेणाऱ्याच्या, आणि शेवटी पहिला माणूस पुन्हा बोलतो तेव्हा त्याला जगावेसे वाटू लागलेले असते. मदत गाण्याच्या ऐन मध्यावर येते आणि तिला पूर्ण कडवे मिळते. तुमच्या आखणीत मदतीच्या वाट्याला अखेरची पाच सेकंदे आणि एक पाटी आली आहे. तेवढ्या वेळात प्रेक्षक पुढचा व्हिडिओ लावून मोकळा झालेला असतो.

आता आकडेवारीविषयी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. हा आकडा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत भयंकर दिसेल यात शंका नाही, परंतु खचलेल्या मुलाला तो काय सांगतो, याचा विचार करावा. आपल्यासारखे हजारो हाच मार्ग धरतात, एवढाच अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचण्याची भीती आहे. त्यापेक्षा वेगळा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. हा आकडाही पडद्यावर आणू नका. त्रास होणे आणि मदत मिळणे यांच्यामधले हे अंतर हाच तुमचा खरा विषय आहे, एवढे तो तुम्हाला सांगतो. तुमचा मुलगा या अंतरात नेमका कुठे अडकतो? लाजेपोटी, पैशांपायी, घरी कळेल या धास्तीने, की आपल्याला होते आहे त्याला आजार म्हणतात हेच त्याला ठाऊक नाही म्हणून? यांपैकी एकच कारण निवडा. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात चार कारणे मावत नाहीत.

ते कारण ग्रंथालयात सापडणार नाही. दोघांनी तीन-चार दिवस सदाशिव पेठेत काढावेत, कॅमेरा न नेता. अभ्यासिका पहाटे किती वाजता उघडते, खुर्चीवर नाव कसे चिकटवलेले असते, कॉट बेसिसच्या खोलीत चौथ्या माणसाची बॅग कुठे असते, निकालाच्या दिवशी चहाच्या टपरीवर कोण येत नाही, हे सगळे टिपून घ्यावे. मुलांशी बोलताना ‘तुला नैराश्य आले होते का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. काल किती वाजता झोपलास, डबा पूर्ण संपला का, घरी शेवटचा फोन कधी केलास, हे विचारावे. नैराश्याचे निदान करताना डॉक्टर किमान दोन आठवडे टिकलेली उदासी किंवा कशातच रस न वाटणे पाहतात, आणि झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांचीही चौकशी करतात. म्हणजे तुमचे साधे प्रश्नच तुम्हाला लक्षणांपर्यंत नेतात.

दोन आठवडे पडद्यावर कसे दाखवायचे, याचे उत्तरही तिथेच मिळेल. अनेक मेसमध्ये महिन्याचे कार्ड असते आणि जेवणाला आले की त्या तारखेवर खूण होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळच्या खुणा दाटीने आहेत, नऊ तारखेला एक खाडा, बारा-तेराला सलग दोन, पुढे नुसतेच रिकामे चौकोन. कॅमेरा कार्डावरून बोटभर सरकला की पंधरा दिवस निघून जातात, आणि कोणी रडले नाही तरी प्रेक्षकाच्या पोटात कालवते. विशेष म्हणजे, त्या रिकाम्या चौकोनांकडे प्रथम लक्ष जाऊ शकेल असा माणूस आयताच तिथे हजर आहे : खुणा करणारा. ‘काय रे, आठ दिवस दिसला नाहीस?’ एवढेच तो विचारतो. तुमच्या कठड्यावरच्या मित्रापेक्षा हा माणूस मला अधिक खरा वाटतो, शिवाय तो दोन आठवडे आधी येतो.

गाण्याचे शब्दही एकदा तपासून पाहा. ‘वेडा’, ‘कमजोर’, ‘हरलेला’ हे शब्द कवितेत सहज येऊन बसतात आणि ऐकणाऱ्याला नेमके तेच बोचतात. ‘आत्महत्येचा प्रयत्न अयशस्वी झाला’ असली वाक्यरचना तर कुठेच नको, कारण वाचणे म्हणजे अपयश, असा तिचा ध्वनी निघतो. ‘नैराश्य’ हा शब्द छापील वाटतो, तो ध्रुवपदात बसवण्याचा अट्टहास करू नये. मुले आपापसांत ‘डोकं चालत नाही’, ‘कशातच मन लागत नाही’, ‘कुणाशी बोलावंसंच वाटत नाही’ असे म्हणतात, आणि ते गाण्यात शोभतेही.

मानसोपचारतज्ज्ञ किंवा महाविद्यालयाचे समुपदेशक यांना पटकथा दाखवायची ती चित्रीकरणाआधी. संकलन झाल्यावर दाखवली की ते भिडेखातर ‘छान’ म्हणतात आणि तुम्हालाही काही बदलायचे नसते. हेल्पलाइन दाखवणार असाल तर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू केलेली टेलि-मानस ही सेवा घ्यावी. तिचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. फोन प्रथम प्रशिक्षित समुपदेशक घेतात आणि गरज पडल्यास तज्ज्ञांकडे जोडून देतात. हा क्रम समजून घेतलात तर फोनचे दृश्य खोटे वाटणार नाही. पडद्यावरच्या मुलाला क्रमांक लावताना, रिंग वाजताना घाबरून तो कट करताना आणि पुन्हा लावताना दाखवा. पाटी त्यानंतर आली तर वाचली जाईल.

आता आखणी. पहिले तीन आठवडे वर सांगितलेल्या कामाला द्यावेत, चौथा पटकथेला आणि पाचवा रेकी (चित्रीकरणाच्या जागांची आगाऊ पाहणी) व परवानग्यांना. सहाव्यात प्रत्येक शॉटचे कागदावर साधे चित्र काढून, त्या चित्रांचे मोबाइलवर फोटो घेऊन ते गाण्यावर लावून पाहावेत. हा टप्पा विद्यार्थी हमखास गाळतात आणि संकलनाच्या टेबलावर त्याची किंमत मोजतात. तुमच्या गाण्याची गती मिनिटाला ८० ठोके असेल, तर चार ठोक्यांचे एक आवर्तन बरोबर तीन सेकंदांचे आणि आठ आवर्तनांचे कडवे चोवीस सेकंदांचे होते. चोवीस सेकंदांत शांतपणे पाहता येतील असे सहा-सात शॉट बसतात. तुमच्या यादीत एका कडव्याला वीस शॉट असतील, तर ते आत्ताच कळलेले बरे. चित्रीकरणाला सलग तीन दिवस पुरावेत.

उरलेल्या वेळातला एक आठवडा मात्र कोणालाही देऊ नका. त्या आठवड्यात, हा विषय ठाऊक नसलेल्या सात-आठ जणांना कच्चा व्हिडिओ एकेकट्याने दाखवा आणि ‘आवडला का’ असे न विचारता ‘या मुलाने पुढे काय केले असेल’ असे विचारा. उत्तरांत फोन, मित्र, मेसवाला यांचा उल्लेख आला नाही, तर मधले कडवे पुन्हा बांधायला वेळ हाताशी राहील. मुख्य भूमिका करणाऱ्या मुलाकडेही तुमच्यापैकी एकाने लक्ष ठेवावे. दिवसभर खचलेल्याचा अभिनय करून तो रात्री एकटा खोलीवर जाणार असतो.

प्रश्न : आमच्या गटातील एका मित्रावर मानसोपचार सुरू आहेत. तो स्वतःची कहाणी सांगायला तयार आहे आणि जिथे उपचार घेतले त्या रुग्णालयात चित्रीकरण करू या असेही म्हणतो. हे योग्य ठरेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रुग्णालयाचा बेत सोडून द्यावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा तिच्याविषयीची माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. तुमच्या मित्राने संमती दिली तरी त्याच्यामागे बाकावर बसलेल्या माणसाने ती दिलेली नसते.

मित्राच्या तयारीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तुमच्या पत्रातला उत्साह तुमचा आहे की त्याचा, हे मला कळले नाही. तो आज सांगायला तयार असेल. दोन वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीआधी समोरच्याने त्याचे नाव इंटरनेटवर शोधले तर काय, हा विचार त्याने केला आहे का? त्याच्या उपचारकर्त्यांशी त्याने स्वतः आधी बोलावे. संमती लेखी घ्यावी आणि अंतिम संकलन होईपर्यंत कोणतेही कारण न देता माघार घेण्याची मुभा त्यात स्पष्ट लिहावी. तो अठरा वर्षांखालील असेल, तर पालकांची सहीदेखील लागेल. मला विचाराल तर त्याला कॅमेऱ्यासमोर न आणता लेखनात सहभागी करून घ्यावे. औषधे सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत तोंडाला कोरड पडते, की गोळीची वेळ मोबाइलच्या गजरावर लावावी लागते, असले तपशील त्याच्याकडूनच मिळतील, आणि त्यासाठी त्याचा चेहरा दिसण्याची गरज नाही. श्रेयनामावलीत नाव द्यायचे की नाही, हे त्याने ठरवावे.

प्रश्न : नैराश्यातला संथपणा दाखवण्यासाठी स्लो मोशनमध्ये गाणारा कलाकार टिपला, पण ओठ शब्दांशी जुळत नाहीत. शिवाय वसतिगृहाच्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते आणि घबराटीच्या प्रसंगासाठी आम्ही दिवे वेगाने उघडमीट करणार आहोत. काही उपाय?
– एक विद्यार्थी, पणजी

उत्तर : सेकंदाला ५० फ्रेमने टिपून २५ ने दाखवणार असाल, तर चित्रीकरणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने लावा आणि कलाकाराला त्या वेगात गायला सांगा. हालचाल संथ होईल आणि ओठ मूळ गाण्याशी जुळतील. सेटवर गाणे वाजवणाऱ्या यंत्राला जुनी मंडळी अजूनही ‘नाग्रा’ म्हणतात. तुमचे काम मोबाइल आणि एका स्पीकरवर होईल. चिरक्या आवाजातले गाणे ऐकून कलाकाराला हसू फुटतेच, म्हणून तालीम आदल्या दिवशीच उरका.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने २५ फ्रेम आणि सेकंदाचा पन्नासावा भाग एवढा शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ) ठेवला, तर ट्यूबलाइट सहसा लुकलुकत नाही. ५० फ्रेमला शटर शंभरावा भाग ठेवावा. काही स्वस्त एलईडी दिवे तरीही त्रास देतात, तेव्हा रेकीच्या दिवशीच त्या खोलीत दहा सेकंदे टिपून मोठ्या पडद्यावर पाहावीत. उघडमीट करणारे दिवे मात्र नकोत. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होणारा लखलखाट प्रकाशसंवेदी अपस्मार (लखलखाटाने बळावणारी मिरगी) असलेल्या प्रेक्षकाला झटका आणू शकतो. घबराटीसाठी चित्र स्थिर ठेवून आवाजावर काम करावे : गाण्याचा ठेका दोन आवर्तनांपुरता काढून टाका आणि तिथे फक्त श्वास आणि खोलीतल्या पंख्याची घरघर राहू द्या.