वाचकांचे प्रश्न : गाण्यांच्या फाइलींतील टॅग भरण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

प्रश्न : माझे वडील आमच्या गावातील भजनी मंडळात पेटी वाजवीत. त्यांनी जमवलेल्या सुमारे दोनशे कॅसेट मी गेल्या दोन वर्षांत लॅपटॉपवर उतरवून घेतल्या आहेत. त्यांत डबलबारीची भजने, जत्रेतील दशावतारी नाटके, गावातल्या गायकांनी म्हटलेली नाट्यपदे आणि घरच्या गणपतीसमोरच्या आरत्या आहेत. एकंदर १,९०० फाइली झाल्या असून बहुतेकींना ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’ एवढीच नावे आहेत. आपोआप टॅग (फाइलीच्या आतच साठवलेली गाण्याचे नाव, गायक, अल्बम अशी माहिती) भरणारे एक सॉफ्टवेअर वापरून पाहिले, तेव्हा काही भजनांना भलत्याच गाण्यांची नावे लागली. पावसाळ्यात आमच्याकडे इंटरनेट नीट चालत नाही आणि वीजही वरचेवर जाते. अशा परिस्थितीत कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? (एक निवृत्त शिक्षिका, देवगड तालुका)

उत्तर : आपल्या लॅपटॉपवर विंडोज असेल, तर एमपीथ्रीटॅग हे सॉफ्टवेअर घ्यावे, आणि लिनक्स असेल, तर किड-थ्री घ्यावे. दोन्ही विंडोजवर विनामूल्य मिळतात, दोन्ही एकदा बसवल्यावर इंटरनेटशिवाय चालतात आणि दोन्हींत शेकडो फाइली एकदम निवडून त्यांचे टॅग भरता येतात. मॅक संगणकावर एमपीथ्रीटॅगला पैसे पडतात, किड-थ्रीला मात्र तेथेही पडत नाहीत.

आपोआप ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने आपली निराशा का केली, हे आधी समजून घ्यावे लागेल, कारण आपली निवड त्यावरच ठरते. म्युझिकब्रेन्झ पिकार्डसारखे सॉफ्टवेअर फाइलीतील आवाजाचा एक प्रकारचा ठसा काढते, तो अकूस्टआयडी या साठ्यातील ठशांशी ताडून पाहते आणि जुळणी झाली की म्युझिकब्रेन्झ या, जगभरच्या स्वयंसेवकांनी भरलेल्या, कोशातून गाण्याचे नाव, गायक व अल्बम उचलून आणते. बाजारात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांसाठी ही सोय फार चांगली आहे आणि आपल्या संग्रहात विकत घेतलेल्या कॅसेटही असतील, तर तेवढ्यांपुरता पिकार्ड जरूर वापरावा. मात्र देवळाच्या सभामंडपात एका माइकवर टिपलेल्या भजनाचा ठसा त्या साठ्यात असण्याचे कारणच नाही. जेथे ठसा नाही तेथे केवळ फाइलीच्या लांबीवरून किंवा अर्धवट नावावरून अंदाज बांधला जातो, आणि तो अंदाज तपासल्याशिवाय ‘सेव्ह’ केला की चुकीचे नाव कायम होते. आपला संग्रह अद्वितीय आहे म्हणूनच तो कोणत्याही कोशात नाही. त्याच्या नोंदी हातानेच कराव्या लागतील, आणि त्या आपल्याइतक्या अचूक दुसरे कोणी करू शकणार नाही.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना ते किती हुशार आहे यापेक्षा देवनागरी कशी सांभाळते, हे पाहावे. एमपी-३ फाइलींतील टॅगची पहिली पद्धत, आयडी-३ची पहिली आवृत्ती, १९९६ साली आली. तिच्यात फाइलीच्या शेवटी अवघे १२८ बाइट राखलेले असत आणि गाण्याच्या नावाच्या वाट्याला त्यांतले ३० येत. युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे संगणकात साठवण्याच्या सामाईक व्यवस्थेच्या, यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. म्हणजे देवनागरी कशीबशी कोंबलीच, तरी दहा चिन्हांत नाव संपते. पुढे आलेल्या दुसऱ्या पद्धतीच्या २.३ आणि २.४ या आवृत्त्यांत ही मर्यादा उरली नाही. आपण एमपीथ्रीटॅगच्या पर्यायांत ‘२.३, यूटीएफ-१६’ ही निवड ठेवावी, कारण जुने विंडोज व जुने प्लेअर २.४ नीट वाचत नाहीत, आणि पहिल्या आवृत्तीचे टॅग लिहिणे बंद करावे. किड-थ्रीमध्ये दोन्ही पद्धतींचे टॅग वेगवेगळ्या चौकटींत दिसतात, त्यामुळे कोणत्या चौकटीत जुना कचरा राहिला आहे हे कळते. ही सोय मला विशेष मोलाची वाटते.

देवनागरीची आणखी एक अडचण आहे आणि ती मराठीत विशेष जाणवते. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील ‘ऱ्य’ संगणकावर दोन वेगळ्या चिन्हक्रमांनी लिहिता येतो, आणि ‘ॲ’ हे अक्षरही दोन प्रकारे जुळवता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. आपण लॅपटॉपवर लिहिणार आणि घरातील दुसरे कोणी फोनवर लिहिणार असेल, तर हे हमखास घडते. त्यामुळे सर्व नावे एकाच कळफलकावरून लिहावीत. बुवांची व गावांची नावे एकदा लिहून ठेवून पुढे तीच चिकटवावीत. मात्र ट्रॅकचा क्रमांक आणि वर्ष या दोन रकान्यांत अंक इंग्रजीच घालावेत. तेथे देवनागरी अंक घातले, तर पुष्कळशी सॉफ्टवेअरे त्यांना संख्या मानत नाहीत आणि गाण्यांचा क्रम बिघडतो.

आता रकान्यांविषयी सविस्तर लिहितो, कारण १,९०० फाइली भरून झाल्यावर रकाना बदलण्याची पाळी आली, तर सगळे श्रम पुन्हा करावे लागतात. टॅगचे रकाने मुळात बाजारातील अल्बमसाठी आखलेले आहेत: एक गायक, एक अल्बम, एक वर्ष. डबलबारीत दोन बुवा आळीपाळीने गातात. तेथे ‘कलाकार’ या रकान्यात ती रचना प्रत्यक्ष गाणाऱ्या बुवांचे नाव घालावे, ‘अल्बम कलाकार’ या रकान्यात दोन्ही बुवांची नावे एकत्र घालावीत आणि ‘अल्बम’ म्हणून गाव, प्रसंग व वर्ष लिहावे. तसे केले म्हणजे सबंध बारी एकत्रही राहील आणि एकाच बुवांची सगळी भजने वेगळीही काढता येतील. दोन नावांच्या मध्ये तिरपी रेघ घालू नये, कारण २.३ आवृत्तीत तीच रेघ नावे तोडण्यासाठी वापरली जाते. स्वल्पविराम चालेल.

अभंगाच्या बाबतीत ‘गीतकार’ हा रकाना रिकामा सोडू नये. शेवटच्या चरणातील नाममुद्रा ऐकली की रचना कोणाची हे बहुतेक वेळा कळते. चाल बुवांची स्वतःची असल्याचे आपल्याला खात्रीने माहीत असेल, तरच ‘संगीतकार’ या रकान्यात त्यांचे नाव घालावे. नाट्यपदांत हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरतो. ‘मानापमान’ हे नाटक १९११ साली रंगभूमीवर आले, त्यातील पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची व चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते पद आपल्या कॅसेटवर गावातल्या एखाद्या गायकाने म्हटलेले असेल, तर कलाकार तो गायक, गीतकार खाडिलकर आणि संगीतकार टेंबे अशी नोंद होईल. ‘वर्ष’ या रकान्यात मात्र ध्वनिमुद्रणाचे वर्ष घालावे, नाटकाचे घालू नये. ते वर्ष ठाऊक नसेल, तर रकाना रिकामा ठेवावा आणि ‘शेरा’ या रकान्यात ‘कॅसेटच्या डबीवर तारीख नाही’ असे लिहावे. अंदाजाने घातलेले वर्ष पुढच्या पिढीला खरेच वाटते.

राहता राहिले साथीदार. पखवाजवादक आणि झांजवादक यांची नावे कॅसेटच्या डबीतील कागदावर शाईने लिहिलेली असतात, आणि आपल्याकडील दमट हवेत तो कागद सर्वांत आधी जातो. माझ्याकडील काही कॅसेटचे आवाज शाबूत आहेत, पण साथ कोणाची हे सांगणारा कागद बुरशीने खाल्ला आणि ती माणसेही आता नाहीत. ही रुखरुख मला अजून लागून आहे. यासाठी एमपीथ्रीटॅगमध्ये ‘विस्तारित टॅग’ या खिडकीतून नवा रकाना करता येतो. रकान्याचे नाव रोमन लिपीत ठेवावे, कारण फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता जागा वाचवणाऱ्या) प्रकारच्या फाइलींत रकान्याच्या नावाला देवनागरी चालत नाही, पण त्यातील मजकूर देवनागरीत लिहायला काहीच हरकत नाही. असा रकाना बहुतेक प्लेअर दाखवत नाहीत, म्हणून तीच नावे ‘शेरा’ या रकान्यातही लिहावीत.

काम सुरू करताना एकेक फाइल उघडून लिहीत बसू नये. एका कॅसेटची सर्व माहिती आधी तक्त्यात, म्हणजे एक्सेलमध्ये किंवा लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये, फाइलींच्या क्रमाने लिहावी, घरातील जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी आणि मग मजकुराची फाइल करून ती एमपीथ्रीटॅगच्या ‘मजकूर फाइलीवरून टॅग’ या क्रियेने एकदम भरावी. किड-थ्रीतही अशी आयात होते. तक्त्याचा दुसरा लाभ असा, की फाइल खराब झाली, तरी माहिती कागदावर छापून उरते.

विजेची अडचण गंभीर आहे. नव्या पद्धतीचा टॅग एमपी-३ फाइलीच्या सुरुवातीला असतो. त्याच्यामागे थोडी रिकामी जागा ठेवलेली असते, आणि मजकूर त्या जागेत मावला नाही तर सबंध फाइल नव्याने लिहावी लागते. तीन तासांचे दशावतारी नाटक १२८ केबीपीएसने (सेकंदाला १२८ किलोबिट या दराने) उतरवले असेल, तर ती फाइल सुमारे १७३ एमबीची होते, आणि ती लिहिली जात असतानाच संगणक बंद पडला तर नाटक अर्धवट राहण्याचा धोका असतो. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तरच हे काम करावे, पेनड्राइव्हवरील फाइलींवर थेट करू नये, आणि मूळ फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय तर मुळीच सुरू करू नये. मुखपृष्ठ म्हणून मंडळाचे छायाचित्र घालायचे असल्यास ते ६०० गुणिले ६०० पिक्सेलचे करून घालावे. फोनवर काढलेले २ एमबीचे छायाचित्र १,९०० फाइलींना लावले, तर ३.८ जीबी जागा नुसत्या चित्रांत जाईल.

प्रश्न : माझ्या फाइलींची नावे ‘०१ - गाण्याचे नाव - गायक’ अशी व्यवस्थित आहेत, पण टॅग रिकामे आहेत. तेच पुन्हा लिहावे लागेल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : लागणार नाही. एमपीथ्रीटॅगमध्ये फाइलीच्या नावावरून टॅग भरण्याची क्रिया आहे. नावातील भाग कोणत्या क्रमाने आहेत एवढे सांगितले की ती प्रत्येक भाग आपापल्या रकान्यात नेऊन ठेवते. आधी पाच-सहा फाइलींवर करून पाहावी, कारण गाण्याच्या नावातच आडवी रेघ असेल, तर भाग चुकीच्या जागी तुटतात. क्रमांक देवनागरी अंकांत असतील, तर ते रूपांतरानंतर इंग्रजी करून घ्यावेत. चूक झालीच, तर ‘अंडू’ने मागे येता येते.

प्रश्न : संगणकावर मराठी नावे ठीक दिसतात, पण गाडीतल्या प्लेअरवर काही ठिकाणी चौकोन आणि काही ठिकाणी प्रश्नचिन्हे दिसतात. सॉफ्टवेअर बदलावे का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : चौकोन आणि प्रश्नचिन्हे यांचे अर्थ वेगळे आहेत. चौकोन दिसत असतील, तर टॅग शाबूत आहे आणि प्लेअरमध्ये देवनागरीचा फाँट नाही. प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर ती फाइल किड-थ्रीत उघडून पाहावी. बहुधा दुसऱ्या पद्धतीच्या चौकटीत मराठी नाव नीट असेल आणि पहिल्या पद्धतीच्या चौकटीत प्रश्नचिन्हे असतील. गाडीतला प्लेअर नेमका तोच जुना टॅग वाचत असतो. तो काढून टाकावा. दोन्ही चौकटींत प्रश्नचिन्हेच असतील, तर युनिकोड न जाणणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने मूळ अक्षरे पुसली आहेत. ती परत मिळत नाहीत, नाव पुन्हा लिहावे लागते. याउलट, स्वरचिन्हे लावलेल्या रोमन अक्षरांची गिचमिड दिसत असेल, तर अक्षरे आत आहेत, फक्त चुकीच्या संकेतनाने (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीने) वाचली जात आहेत. संकेतन बदलणारी क्रिया लावून ती सावरता येतात, म्हणून अशी फाइल घाईने खोडू नये.

प्लेअरला देवनागरी येतच नसेल, तर मूळ संग्रहातील नावे रोमन करू नयेत. गाडीसाठी वेगळी प्रत काढावी आणि रोमन नावे त्या प्रतीतच भरावीत.

प्रश्न : कॅसेट डब्ल्यूएव्ही प्रकारात उतरवल्या आहेत. त्यांत टॅग भरता येतील का? (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : भरता येतात, पण प्रत्येक सॉफ्टवेअर ते वेगळ्या जागी लिहिते आणि दुसऱ्याला ते दिसतीलच असे नाही. ९० मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने उतरवली की डब्ल्यूएव्ही फाइल सुमारे ९५० एमबीची होते. त्या सर्व फाइली फ्लॅकमध्ये बदलाव्यात. आवाजात तिळमात्र घट होत नाही, जागा बरीच वाचते आणि फ्लॅकचे टॅग मुळातच यूटीएफ-८मध्ये असल्याने देवनागरीचा प्रश्न उरत नाही. हे रूपांतर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधून करता येते. त्यानंतर टॅग मात्र एमपीथ्रीटॅग किंवा किड-थ्रीतूनच भरावेत, आणि फोनवर ऐकण्यासाठी एमपी-३ प्रती टॅग भरून झाल्यावर त्या फ्लॅक फाइलींवरून काढाव्यात, म्हणजे नावे दोनदा लिहावी लागणार नाहीत.